पेशींचं काम कमी, मग पोरगा एवढा धावतो कसा?

नमस्कार ताई.

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. मुलगा साडेचार वर्षांचा, घर तासगाव तालुक्यात. चालायला उशिरा लागला, मोजके शब्द बोलतो, ऑटिझमचं निदान गेल्या वर्षी झालं. आजवर फिट आलेली नाही. जनुकीय तपासणीत 'एससीएन२ए' नावाच्या जीनमध्ये फ्रेमशिफ्ट बदल निघाला आणि रिपोर्टवर 'पॅथोजेनिक' (आजाराला कारण ठरणारा) आणि 'डी नोव्हो' (आईवडिलांकडून न आलेला, नव्याने झालेला) असं लिहिलंय. तुम्ही नेटवर वाचलंत की या जीनमुळे मेंदूतल्या पेशींचं काम कमी होतं. म्हणून तुम्ही विचारता: पेशी कमी चालतात तर हा दिवसभर घरभर धावतो कसा? पेशी चालू करणारं औषध आहे का? एका ठिकाणी स्टेम सेलचे काही लाख सांगितलेत, ते भरावेत का? नवरा आत्याचा मुलगा, नात्यातल्या लग्नामुळे हे झालं असं घरचे म्हणतात, ते खरं का? आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा का?

मी सांगली-मिरजेत लहान मुलांच्या मेंदूविकारांचं काम करतो. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही आणि रिपोर्टही पाहिलेला नाही. तेव्हा औषधाचं नाव आणि डोस याबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिला प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण बरेच शिकलेले लोकही तिथेच अडकतात. 'पेशी कमी चालते' हे वाक्य प्रयोगशाळेतल्या एका मोजमापाबद्दल असतं. 'मूल धावतं' हे अख्ख्या मेंदूच्या वागण्याबद्दल असतं. मधे अब्जावधी पेशींचं जाळं आहे, त्यातल्या काही पेशी पुढच्या पेशीला चेतवतात आणि काही गप्प करतात. मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पाचातली साधारण एक पेशी ही गप्प करणारी असते. आता समजा एखाद्या जीनमुळे नेमक्या याच पेशी दुबळ्या झाल्या, तर त्या पेशींचं काम कमी झालं, पण जाळं मात्र भडकलं. हे निव्वळ कल्पनेतलं उदाहरण नाही. एससीएन२ए चाच भाऊबंद असलेला 'एससीएन१ए' हा जीन मुख्यतः गप्प करणाऱ्या पेशींत काम करतो. त्याचं काम अर्ध्यावर आलं की ड्रॅव्हे सिंड्रोम होतो, म्हणजे तापात सुरू होणाऱ्या, लांबणाऱ्या, लवकर न आवरणाऱ्या फिट. जीन कमी पडला आणि वीज वाढली. त्यामुळे मी स्वतः 'कमी का जास्त' असा प्रश्न विचारत नाही. कोणत्या पेशीत, पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या वयात, हे विचारतो.

आता तुमच्या मुलाच्या जीनकडे येऊ. एससीएन२ए हा जीन सोडियम आत सोडणाऱ्या एका दाराची कृती सांगतो. या दाराला शास्त्रात एनएव्ही १.२ म्हणतात. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली पेशी, शांत असताना त्याच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट दाब असतो. ही दारं उघडली की सोडियम आत घुसतो, दाब झटक्यात उलटतो आणि साधारण एका मिलिसेकंदात विजेचा एक ठोका तयार होऊन पेशीच्या लांब शेपटीवरून पुढे जातो. पेशी 'फायर' झाली म्हणतात ते हेच.

या जीनच्या दोन प्रती प्रत्येकात असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. फ्रेमशिफ्ट म्हणजे मजकुराची अक्षरं एका जागेवरून सरकतात, पुढची सगळी वाक्यं निरर्थक होतात आणि त्या प्रतीतून दार तयारच होत नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या पेशींत ही दारं साधारण निम्मीच असणार. एवढं रिपोर्टमधल्या त्या एका शब्दावरून बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. बदल 'मिससेन्स' प्रकारचा असता, म्हणजे फक्त एक अक्षर बदलून दार तयार झालं असतं पण वेगळं वागलं असतं, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. तसलं दार जास्त वेळ उघडं राहू शकतं, कमी उघडू शकतं किंवा दोन्हीची सरमिसळ असू शकते. एकाच जीनच्या दोन मुलांची उत्तरं उलट येतात ती यामुळेच. ढोबळ नियम असा दिसतो: दार जास्त काम करत असेल तर फिट बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतात. दार कमी पडत असेल तर ऑटिझम, बोलण्या-शिकण्यातला उशीर हे चित्र पुढे असतं आणि फिट आल्याच तर नंतर, कधी कधी येतच नाहीत. तुमच्या मुलाचं चित्र दुसऱ्या गटात बसतं.

आता खरी मेख. बाळ पोटात असताना आणि पहिल्या वर्ष-दीड वर्षात चेतवणाऱ्या पेशींचा विजेचा ठोका मुख्यतः याच दारावर चालतो. नंतर ठोका सुरू करायचं काम एनएव्ही १.६ नावाचं दुसरं दार घेतं. मग १.२ काय करतं? ते पेशीच्या फांद्यांमध्ये, म्हणजे दुसऱ्या पेशींचे निरोप जिथे येतात त्या डेंड्राइटमध्ये, काम करत राहतं. ठोका पुढे जातो तसाच थोडा मागे फांद्यांतही शिरतो. 'आत्ता आलेल्या निरोपाने मी पेटले, हा सांधा पक्का करा' अशी ती पोच असते. दोन पेशींमधले सांधे, म्हणजे सिनॅप्स, पक्के होणं यालाच शिकणं म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवर दाखवलं की या जीनची एक प्रत काढली तर मोठ्या उंदराच्या पेशी ठोका देतात, पण फांद्यांमधली वीज दुबळी पडते आणि सांधे कच्चे राहतात.

तुमच्या धावण्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. मुलाच्या मेंदूत वीज कमी आणि म्हणून मूल मंद, असा सरळ हिशोब इथे लागत नाही. वीज आहे, पण अनुभवातून सांधे पक्के होण्याची प्रक्रिया कच्ची आहे. उरलेलं अर्धं उत्तर जीनमध्ये नाहीच. झोप अपुरी, पोट साफ नाही, आवाज सोसत नाहीत, 'मला हे हवंय' सांगायला शब्द नाहीत. असं मूल धावणारच. एससीएन२ए च्या मुलांत बद्धकोष्ठता आणि झोपेच्या तक्रारी खूप आढळतात. काहींना डोळा ठीक असूनही मेंदू दृश्य नीट लावत नाही, अशी अडचण असते. माझ्याकडे असं मूल आलं की मी जीनबद्दल बोलण्याआधी संडासचं विचारतो. आईवडील जरा चमकतात, पण चार दिवस खडा धरलेलं पोर एका जागी बसेल कसं?

आणखी एक उलटी गोष्ट सांगतो, म्हणजे 'कमी-जास्त' किती फसवं आहे ते कळेल. उंदरांमध्ये याच दाराची संख्या निम्म्याहून बरीच खाली नेली तर पेशी थंड पडायला हवी. २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांना उलटंच दिसलं. पेशी जास्त पेटू लागली. कारण असं, की ठोक्यानंतर पेशीला पुन्हा शांत करायचं काम पोटॅशियमची दारं करतात आणि ती पुरेशी उघडायला आधीचा सोडियमचा जोर लागतो. तो जोरच नाही, तर ब्रेकही नीट लागत नाही. दार कमी पडणाऱ्या मुलांनाही पुढे फिट का येऊ शकतात, याचा एक पटणारा खुलासा इथे मिळतो.

हे सगळं माणसाच्या पेशींत कसं पाहतात, असंही तुम्ही विचारलंत. जिवंत मुलाच्या मेंदूतून पेशी काढता येत नाहीत. शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींना चार घटक देऊन मागे नेलं, म्हणजे पुन्हा मूळपेशींसारखं (स्टेम सेलसारखं) केलं. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. आता मुलाच्या थोड्या रक्तापासून किंवा कातडीपासून तशा पेशी करतात, त्यांना एनजीएन२ नावाचा घटक देऊन दोन-तीन आठवड्यांत न्यूरॉन बनवतात आणि बारीक इलेक्ट्रोड पेरलेल्या ताटलीवर वाढवतात. ताटली किती ठोके पडले, पेशी एकत्र ठोके देतात का, ते मोजते. शिवाय काचेची अतिबारीक नळी एकेका पेशीला चिकटवून तिची वीज मोजतात. चांगल्या प्रयोगात तुलना दुसऱ्या माणसाच्या पेशींशी करत नाहीत. त्याच पेशीत कात्री लावून एकच जीन बिघडवतात किंवा दुरुस्त करतात. बाकी सगळं सारखं, फरक एका जीनचा.

टोरोंटोच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या गटाने २०१८ मध्ये हेच केलं. एकाच माणसाच्या पेशींत ऑटिझमशी जोडलेले १० जीन एकेक करून बंद केले. एससीएन२ए त्यात होता. बहुतेक ठिकाणी पेशींमधली देवाणघेवाण घटली. तुम्ही वाचलेली बातमी अशाच एखाद्या कामाची असावी. पण त्याच गटाने पुढच्या वर्षी ऑटिझम असलेल्या व्यक्तींच्या पेशी वाढवल्या. त्यांच्यात सीएनटीएन५ किंवा ईएचएमटी२ या जीनची एक प्रत बिघडलेली होती आणि त्या पेशींचं जाळं मात्र जास्तच गडबड करत होतं. निदान एक, पेशीतलं चित्र उलटं.

तासगावात राहता म्हणून द्राक्षबागेचं उदाहरण देतो. वेल सुकली, एवढंच दिसतं. मोटरचा दाब कमी असेल, फिल्टर चोंदला असेल, लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, फुटली असेल किंवा भलत्याच वाफ्याचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल. सुकलेली वेल सगळीकडे सारखी दिसते, पण फुटलेल्या लॅटरलवर मोटरचा दाब वाढवला तर नुकसान वाढतं.

ऑटिझममध्ये असे किती बिघाड आहेत? २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात ३५,००० हून अधिक लोकांचे जीन वाचून १०२ जीन ठामपणे ऑटिझमशी जोडले गेले आणि ही यादी नंतर वाढलीच. त्यांचे ढोबळ दोन गट पडतात. काही जीन पेशींमधल्या सांध्यावर आणि विजेच्या दारांवर बसतात. एससीएन२ए त्यातलाच. शँक३ हाही तसाच, सांध्याचा सांगाडा धरणारा. तो गेला की फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम होतो, आणि अशा मुलांच्या पेशींपासून बनवलेल्या न्यूरॉनमध्ये चेतवणारे निरोप दुबळे दिसले आहेत. दुसऱ्या गटातले जीन सांध्याजवळ फिरकतही नाहीत. ते पेशीच्या केंद्रात बसून बाकीच्या जीनना चालू-बंद करतात. सीएचडी८ हे ठळक नाव, यात पुष्कळ मुलांचं डोकं मोठं असतं. हार्वर्डच्या पाओला आर्लोटा यांच्या गटाने २०२२ मध्ये सीएचडी८ आणि आणखी दोन जीन घेऊन ताटलीत मेंदूच्या ऊतींचे छोटे गोळे वाढवले. तिन्हींत काही पेशींच्या वाढीचं वेळापत्रक चुकलं. कुठे गप्प करणाऱ्या पेशी वेळेआधी तयार झाल्या, कुठे चेतवणाऱ्या. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट: तोच बिघाड वेगवेगळ्या माणसांच्या पेशींत घातला तर परिणामाची तीव्रता बदलली. म्हणजे एकाच जीनच्या दोन मुलांत फरक का पडतो, याचा धागा बाकीच्या हजारो जीनमध्येही आहे. तेव्हा फेसबुकवरच्या गटात दुसऱ्या एससीएन२ए मुलाचा व्हिडिओ पाहून स्वतःच्या मुलाचं भविष्य ठरवू नका. तो चांगला बोलत असेल तरी आणि अंथरुणाला खिळलेला असेल तरीही.

या ताटल्यांवर माझा विश्वास किती? बराच, पण मर्यादेत. उंदराने फसवलेलं माणसाच्या पेशींनी पकडल्याची उदाहरणं आहेत. न्युरेक्सिन-१ या जीनची एक प्रत काढली तर माणसाच्या न्यूरॉनमध्ये निरोप सोडणं स्पष्ट घटलं, उंदराच्या तशाच पेशींत मात्र तो दोष दिसला नाही. म्हणून माणसाच्या पेशींवर काम व्हायलाच हवं. पण ताटलीतला न्यूरॉन वयाने गर्भातल्या बाळाइतका असतो. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, कुणी मांडीवर घेतलेलं नाही. एनजीएन२ ने बनवलेल्या ताटलीत जवळपास सगळ्या चेतवणाऱ्याच पेशी असतात, गप्प करणाऱ्या नसतात. तिथल्या 'कमी' चा अर्थ साडेचार वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आता औषध. पेशी 'चालू' करणारं, ऑटिझमच्या मुळावर काम करणारं सिद्ध औषध आज नाही. प्रयत्न झालेच नाहीत असं मात्र समजू नका. २००३ मध्ये रुबेनस्टाइन आणि मेर्झेनिक या संशोधकांनी कल्पना मांडली की काही प्रकारच्या ऑटिझममध्ये चेतवणं आणि शांत करणं यांचा तोल बिघडलेला असतो. त्यानंतर तोल सावरणारी औषधं शोधायची रीघ लागली. ब्युमेटॅनाइड ही लघवी वाढवणारी जुनी गोळी शांत करणाऱ्या निरोपाचा जोर वाढवेल अशी आशा होती, लहान अभ्यासांत बरं वाटलं, पण मोठ्या चाचण्या २०२१ मध्ये फायदा न दिसल्याने थांबवल्या गेल्या. फ्रॅजाइल एक्स या एकाच जीनच्या आजारात मॅव्होग्लुरँट हे औषध उंदरांत छान चाललं, माणसांत चाललं नाही. ट्युबरस स्क्लेरोसिस या तशाच जनुकीय आजारात एव्हेरोलिमस हे औषध फिट कमी करतं, पण मुलांच्या शिकण्यात आणि ऑटिझमच्या लक्षणांत चाचण्यांना अपेक्षित फरक दिसला नाही. माझं मत विचाराल तर ब्युमेटॅनाइडसारख्या चाचण्यांत वीस प्रकारची सुकलेली वेल एकाच औषधाखाली आणली गेली. एकाच जीनच्या चाचण्यांत बहुधा उशीर नडला, सांधे बनण्याचा काळ सरून गेलेला होता.

एससीएन२ए मध्ये नव्या दिशेचं काम सुरू आहे. २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच गटाने उंदरांत उरलेल्या चांगल्या प्रतीकडून जास्त काम करून घेतलं आणि पेशींचं कामकाज सुधारलेलं दाखवलं. मोठ्या वयाच्या उंदरातही ते जमलं, हे विशेष. पण उंदीर ते बाळ हे अंतर वर्षांचं असतं, आणि कधी कधी ते पार होतच नाही. एक सावधगिरी जरूर बाळगा: बातम्यांत 'एससीएन२ए वर नवं औषध, मुलांवर चाचणी' असं येईल तेव्हा ते कोणत्या गटासाठी आहे ते पाहा. जीनचं काम कमी करणारं औषधही चाचणीत आहे. ते तान्हेपणी फिट सुरू झालेल्या, दार जास्त काम करणाऱ्या मुलांसाठी आहे. तुमच्या मुलाच्या दारांची संख्या आधीच निम्मी, त्याला ते औषध उलट बाधेल.

हीच बाब आज, आत्ता, तुमच्या उपयोगाची आहे आणि मी हिच्यावरच जास्त जोर देईन. फिटच्या काही औषधांचं कामच सोडियमची दारं बंद करणं आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही त्यातली नावं. दार जास्त काम करणाऱ्या तान्ह्या बाळांना त्यातली काही उत्तम लागू पडतात. दार कमी असलेल्या मुलांत मात्र ती निरुपयोगी ठरू शकतात किंवा फिट वाढवूही शकतात. आणि आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता फिट घेऊन मूल आलं, तर पहिल्या औषधाने थांबत नसल्यास पुढचं इंजेक्शन बहुतेक वेळा फेनिटॉइन असतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांचा त्यात दोष नाही. त्यांना जीन माहीत नसतो. म्हणून एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा: मुलाचं नाव, एससीएन२ए, 'काम कमी करणारा बदल', सोडियम चॅनेल बंद करणारी औषधं शक्यतो टाळावीत, तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा नंबर. तो कागद फाईलमध्ये, तुमच्या मोबाईलमध्ये आणि मुलगा आजीकडे राहत असेल तर तिथे भिंतीवर. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर नाकात मारायचा मिडॅझोलॅम स्प्रे वापरायचा, हे डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या. तो या मुलांना चालतो. पुढचं औषध लेव्हेटिरासिटॅम की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील. कठीण प्रसंगी त्यांना फेनिटॉइन द्यावंसं वाटलं तर भांडत बसू नका, फक्त कागद समोर ठेवा.

फिट नाही तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेची तपासणी, करावी का? माझ्या मते एकदा झोपेतली करावी, विशेषतः येत असलेले शब्द गेले असतील किंवा मूल मधेच टक लावून थांबत असेल तर. झोपेत मेंदूची वीज सतत बिघडलेली असणं आणि वरून काही न दिसणं, हे या जीनमध्ये होऊ शकतं. शब्द स्थिर असतील, रोजचं वागणं तेच असेल तर घाई नाही.

स्टेम सेलबद्दल मी मऊ बोलणार नाही. वर सांगितलेल्या ताटलीतल्या पेशीही मूळपेशींपासूनच बनतात. हाच शब्द धरून काही जण 'मेंदूत नव्या पेशी भरतो' असं विकतात. ताटलीतल्या पेशी तपासण्यासाठी असतात, मुलात सोडण्यासाठी नाहीत. आणि तुमच्या मुलाच्या प्रत्येक पेशीत तोच बदल आहे. त्याच्याच हाडातल्या मगजातून पेशी काढून पाठीत टोचल्या, तर जीनची दुसरी प्रत कुठून येणार? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मूळपेशींचा मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरताच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात किंवा सल्ला देणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग समजला जाईल, असं स्पष्ट केलं. ते पैसे भरू नका. बेदाणा विकून आलेले असोत की सोनं मोडून, भरू नका.

त्यातले थोडे पैसे आणि पुष्कळ वेळ इथे लावा: स्पीच थेरपी, चित्रकार्डांनी किंवा टॅबवर बोलणं, रोजची कामं शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी, पोट, झोप, एकदा डोळ्यांची आणि कानाची नीट तपासणी. चित्रकार्डांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती निराधार आहे. सांधे अनुभवातून पक्के होतात हे वर सांगितलंच. ते कच्चे असतील तर अनुभव जास्त वेळा, छोटे करून, रोजच्या जेवणा-आंघोळीत द्यावा लागतो. थेरपिस्ट आठवड्यातून दोन तास देईल, बाकीचे तास तुमचे आणि आजीचे. जिल्हा पातळीवरच्या शासकीय बाल विकास तपासणी केंद्रात, ज्याला डीईआयसी म्हणतात, हे विनामूल्य मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम दिव्यांगत्वात धरलेलं आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, करून घ्या. निरामय या शासकीय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपी त्यात बसते. कागदपत्रांचा कंटाळा करू नका.

आता नात्यातल्या लग्नाचं. मामाची मुलगी करणं आपल्या भागात नवीन नाही, आणि त्याचा काही आजारांशी संबंध खराच आहे. नवरा-बायकोचा पूर्वज एकच असेल तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात असे आजार त्यामुळे अशा घरांत जास्त दिसतात. पण तुमच्या मुलात एकच प्रत बिघडलीय आणि रिपोर्ट म्हणतो 'डी नोव्हो'. म्हणजे तुमच्या दोघांच्याही रक्तात तो बदल सापडला नाही, तो नव्याने झाला. प्रत्येक माणसात आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतातच, माझ्यात आहेत, तुमच्या सासूबाईंमध्येही आहेत. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी जागी पडतात, इथे नको त्या जागी पडला. आत्याच्या घरात लग्न केलं नसतं तरी हे होऊ शकलं असतं. सासूबाई म्हणजे तुमची आत्याच असल्याने हे सांगणं तुम्हाला जड जाईल, तर पुढच्या भेटीत त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्याकडूनच वदवून घ्या. पुष्कळ घरांत हा आरोप आईला थकवतो, आणि थकलेली आई थेरपीला येत नाही. म्हणून मीही घरच्या मोठ्यांना आत बोलावूनच हे सांगतो.

दुसरं मूल. बदल नव्याने झालेला असला तरी धोका अगदी शून्य धरत नाहीत. आईच्या किंवा वडिलांच्या बीजपेशींच्या एखाद्या भागात तो लपलेला असू शकतो आणि रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. त्यामुळे साधारण शंभरात एक असा धोका सांगितला जातो. बहुतेक जोडपी तेवढ्यावर निर्धास्त होतात, काही होत नाहीत. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. खात्री हवी असेल तर गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन नेमका हाच बदल तपासता येतो. हे काम नोंदणीकृत जनुकीय केंद्रातच होतं आणि लॅबला बदलाचा संपूर्ण कोड लागतो, नुसतं 'एससीएन२ए' सांगून चालत नाही. तो कोड तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर तक्त्यात 'सी.' आणि 'पी.' ने सुरू होणाऱ्या दोन ओळींत असेल. दिवस राहण्याआधीच, पाळी चुकायची वाट न बघता, तो रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाची एक भेट घ्या. तुमच्या दोघांचे रक्ताचे नमुने खरंच तपासले होते की 'डी नोव्हो' हे नुसतं गृहीत धरलं होतं, हे त्यांना पहिल्यांदा विचारा. रिपोर्टवर 'ट्रायो' (मूल आणि आईवडील, तिघांची एकत्र तपासणी) लिहिलेलं असेल किंवा आईवडिलांची वेगळी तपासणी जोडलेली असेल तर झाली आहे. नसेल तर आधी तेवढं करून घ्या, कारण वरचा शंभरात एकचा आकडा त्याच एका गोष्टीवर उभा आहे.